आधी थांबणे, मग धावणे

जुने वाहन दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अलीकडे आपल्या समाजातील तरुणांतही दिसू लागली आहे. कोणी आजोबांची फियाट बाहेर काढतो, तर कोणी वखारीत पडून असलेली जीप. ही हौस वाईट नाही. वस्तू टाकून देण्यापेक्षा तिची डागडुजी करून ती वापरात ठेवणे हा व्यापारी घराण्यांचा जुना संस्कार आहे. अडचण असते ती क्रमाची. बहुतेक जण चाकांपासून सुरुवात करतात, कारण चाके लोकांच्या डोळ्यांत भरतात. मग त्या चाकांना शोभेल असा पुढचा अ‍ॅक्सल शोधला जातो आणि उरलेल्या पैशांत ब्रेक बसवले जातात. हा क्रम नेमका उलटा असावा, असे माझे मत आमच्या घरच्याच एका जीपमुळे पक्के झाले.

आमच्या थोरल्या बंधूंचे रोह्याला हार्डवेअरचे दुकान. १९६८ साली नोंदलेली एक पेट्रोल जीप त्यांच्याकडे होती. पाइप, पत्रे आणि खिळ्यांच्या पेट्या घेऊन ती कोलाड, नागोठणे, चणेरा असा फेरा करी. बंधू गेल्यानंतर बारा वर्षे ती वखारीत ताडपत्रीखाली उभी होती. ‘भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल,’ असे वहिनींचे मत. पुतण्याने मात्र ती पुन्हा चालती करायचे ठरवले आणि गॅरेजचे अंदाजपत्रक घेऊन तो पेणला माझ्याकडे आला. बँकेत असताना वाहनकर्जाची अंदाजपत्रके तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून तो कागद माझ्यापुढे आला असावा.

कागदावरची पहिली ओळ होती ३१ इंची रुंद टायर आणि अलॉय चाके. दुसरी ओळ, नंतरच्या काळातील मोठ्या जीपचा रुंद पुढचा अ‍ॅक्सल. मग रंग, दिवे, बैठकी. आणि सर्वांत शेवटी, रकमेचा रकाना कोरा ठेवून लिहिले होते, ‘ब्रेक : जरुरीप्रमाणे.’ कर्जाच्या कागदांत कोरा रकाना दिसला की आम्ही तिथेच थांबत असू. येथेही थांबलो.

पुतण्याच्या मनात अमेरिकन ‘हॉट रॉड’चे चित्र होते. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या घेत, मडगार्ड वगैरे काढून त्या हलक्या करीत, इंजिनाची ताकद वाढवीत आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या पळवीत. गाडीचे तोंड खाली यावे म्हणून पुढचा अ‍ॅक्सल दोन्ही टोकांशी वाकवून घेत. हे सर्व पुतण्याला ठाऊक होते. याच कथेचा दुसरा भाग मात्र छायाचित्रांत दिसत नाही. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. पायाचा मुख्य ब्रेक गिअरबॉक्समध्ये काम करी आणि त्याचा परिणाम मागच्या चाकांपुरता असे. चारही चाकांना ब्रेक आले ते त्यानंतरच्या ‘मॉडेल ए’ला, आणि तेही सळयांनी ओढले जाणारे. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक फोर्डने १९३९ च्या गाड्यांना दिले. तेव्हा जाणत्या हॉट रॉडवाल्यांनी काय केले, तर हे नवे ब्रेक मिळवून आपल्या जुन्या गाड्यांना बसवले. वेगाची एवढी आवड असणाऱ्यांनाही थांबण्याची किंमत कळली होती.

आपल्याकडील जीपचा वंश वेगळा आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी एक पेढी सुरू झाली. भागीदारांपैकी गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. याच पेढीने अमेरिकेच्या विलीस कंपनीची जीप मुंबईत जुळवण्यास आरंभ केला. आमची जीप त्याच घराण्यातली, उंच बॉनेटची. ही गाडी शर्यतीसाठी घडवलेली नव्हती. चिखलात, ओढ्यात, चढणीवर माल आणि माणसे नेणे हे तिचे काम. तिच्यात काय बदलावे, हे ठरवताना प्रथम तिचे काम लक्षात घ्यावे लागते.

रोह्याच्या ज्या मिस्त्रींनी बंधूंच्या काळापासून ही जीप सांभाळली होती, त्यांना आम्ही वखारीत बोलावले. वय झालेले, मोजके बोलणारे गृहस्थ. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, लोक गाडी बघतात ती चाकांवरूनच.’’ मिस्त्री जॅक लावता लावता म्हणाले, ‘‘शेठ, गाडी पळवून कुणीही दाखवेल. उभी कोण करणार, ते आधी ठरवा.’’ अंदाजपत्रक उलट्या क्रमाने वाचायला आम्ही त्या दिवसापासून सुरुवात केली.

पहिला विषय पुढच्या अ‍ॅक्सलचा. बैलगाडीचा आस म्हणजे चाकांना जोडणारा एक दांडा. जीपचा पुढचा अ‍ॅक्सल मात्र तीन कामे एकदम करतो. तो गाडीचा भार पेलतो, चाके वळवू देतो आणि गरज पडली तर पुढच्या चाकांना ताकदही पोचवतो. मिस्त्रींनी पुढचे चाक जमिनीवरून उचलले आणि वर-खाली धरून हलवून पाहिले. थोडी ढिलाई होती; ती किंगपिनच्या बेअरिंगची निघाली. अ‍ॅक्सलची नळी सरळ होती, तडा कुठेही नव्हता. टोकाची ऑइल सील मात्र गळत होती. ‘‘हे तेल कुठे जाते बघा,’’ म्हणत त्यांनी ड्रम काढला. ब्रेकचे लायनर तेलाने माखले होते. अ‍ॅक्सल आणि ब्रेक हे दोन वेगळे विषय नाहीत, हे त्या काळ्या लायनरने कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट दाखवले.

रुंद अ‍ॅक्सल बसवला तर काय होईल, हेही त्यांनी सांगितले. मूळ जीपच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधील गिअरचे प्रमाण सारखेच असते, ५.३८ ला १. दुसऱ्या गाडीचा फक्त पुढचा अ‍ॅक्सल आणला आणि त्याचे प्रमाण वेगळे निघाले, तर चारही चाकांची ताकद लावताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात आणि त्या ओढाताणीत गिअरबॉक्स मोडतो. कमानपाट्यांच्या बैठका नव्या जागी वेल्ड कराव्या लागतात. स्टिअरिंगचे दांडे लांब करावे लागतात; त्यांचा कोन चुकला तर खड्ड्यात चाक वर गेले की गाडी आपोआप एका बाजूला वळते. शिवाय पुढची चाके सरळ धावावीत म्हणून किंगपिनला मागच्या बाजूस सुमारे ३ अंशांचा कल दिलेला असतो. हा कल बिघडला की हात सैल होताच गाडी भरकटते. शोभेसाठी अ‍ॅक्सल तापवून वाकवणे किंवा चाके वळवणाऱ्या सुट्या भागांवर वेल्डिंग करणे हे तर कटाक्षाने टाळावे. तापवलेल्या पोलादाचा गुण बदलतो, आणि ते कुठे तुटेल हे बाहेरून कळत नाही. आम्ही मूळ अ‍ॅक्सलच ठेवला. बेअरिंगे, सील आणि सांधे तेवढे नवे घातले.

दुसरा विषय ब्रेकचा, आणि सर्वांत अधिक वेळ त्यावर गेला. मूळ जीपचे ड्रम ९ इंची. ब्रेकचे पायडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेलाचा दाब एकाच मार्गाने चारही चाकांकडे जातो. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एका क्षणात जातात. आमच्या पट्ट्यातील खाऱ्या हवेत आणि धो धो पावसात ते पातळ पाइप आतून-बाहेरून गंजतात, म्हणून ही भीती पुस्तकी नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. बारा वर्षे उभ्या असलेल्या गाडीत तेलाऐवजी तपकिरी गाळ निघाला, यात नवल नव्हते.

पुतण्याला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवे होते. डिस्कचे गुण निर्विवाद आहेत. ती लवकर थंड होते, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच कोरडी होते. ड्रममध्ये पाणी शिरले तर पुढचे काही अंतर ब्रेक हलके दाबत ते वाळवावे लागतात. पण ड्रममधील पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन अधिक घट्ट बसतो. त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कला ही मदत नाही. तिला पायाचा जास्त जोर किंवा बूस्टर लागतो. जीपचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली चेसिसवर असतो. तेथे बूस्टरला सहज जागा नाही. म्हणजे डिस्क घेतली की मास्टर सिलिंडर, पायडल आणि पाइप सर्वच बदलणे आले. अर्धवट डिस्क बसवण्यापेक्षा पूर्ण ड्रम बरा, या निर्णयावर आम्ही आलो. त्याच घराण्यातील नंतरच्या जीपना असणारे ११ इंची ड्रम चारही चाकांना, नवे पाइप, आणि दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर. एक मार्ग निकामी झाला तरी दुसऱ्याने दोन चाके थांबतील. व्यापारात सारी उधारी एकाच गिऱ्हाइकावर कोणी ठेवत नाही; इथेही तेच.

एक गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकणे किंवा हवेच्या नळीने उडवणे धोक्याचे, कारण ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. गॅरेजमध्ये काम करणारी पोरे बहुधा कोवळ्या वयाची असतात. आपल्या हौसेपायी त्यांच्या छातीत विष जाऊ नये, ही अहिंसेची अगदी पहिली पायरी आहे.

तिसरा विषय चाकांचा. मूळ जीपला ६.०० – १६ मापाचे अरुंद टायर असतात. त्यांचा व्यास सुमारे साडेअठ्ठावीस इंच. ३१ इंची टायर लावला की ड्रमने धरलेली पकड जमिनीपर्यंत पोचेस्तोवर सुमारे ८ टक्क्यांनी घटते, कारण चाकाचा हात लांब होतो. वेगाचा काटाही फसवतो. मीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी खरोखर ५४ च्या पुढे असते. म्हणजे वेग कळत नाही तेवढा वाढतो आणि ब्रेक कळत नाहीत तेवढे कमी पडतात. रुंद अलॉय चाके बाहेरच्या बाजूला सरकली की स्टिअरिंगला झटके बसतात आणि किंगपिनवरचा भार वाढतो. चाकांवर पाच नट असतात आणि ते साडेपाच इंची वर्तुळावर असतात. मारुती जिप्सीचे मापही हेच असल्याने तिची चाके जीपला बसतात. पण बसणे आणि शोभणे जसे वेगळे, तसेच बसणे आणि चालणेही वेगळे.

आम्ही मूळ मापाची १६ इंची लोखंडी चाके साफ करून, तपासून, रंगवून वापरली. टायर नवे घेतले, आणि तेही कडेवरचे चार आकडे वाचून. त्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात नवा म्हणून मिळणारा टायरही काही वेळा जुना असतो. आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. जुन्या विलीस बनावटीच्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. पंक्चरवाल्या पोराने ते नेहमीच्या दिशेने सोडवायचा प्रयत्न केला तर स्टड तुटतो. आम्ही त्या चाकांच्या आतल्या बाजूला रंगाने बाण काढून ठेवला.

आमच्या पेणच्या मूर्तिशाळांत हा क्रम कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आधी पाट आणि बैठक, मग धड, मग हात. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी. मूर्ती जिवंत होते ती डोळ्यांनी हे खरे. पण बैठकीला तडा असेल तर आखणी कितीही सुबक असली तरी ती मूर्ती कोणी घरी नेत नाही. चाके म्हणजे गाडीची आखणी.

कायद्याचा भाग वाचकांना उपयोगी पडेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट ठामपणे सांगितली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यासाठी वाहन मूळ रूपात असावे लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. अशा वाहनाला प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर येता येते. रोजच्या वा व्यापारी कामाला नाही. नेहमीच्या खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतन करता येते. आपल्या जिल्ह्याचे ‘एमएच ०६’चे परिवहन कार्यालय पेणलाच आहे. गॅरेजला पैसे देण्यापूर्वी तेथे आणि विमा कंपनीकडे नियोजित बदल लेखी देऊन विचारणे हेच शहाणपण. अपघातानंतर विमा कंपनी जे पहिले कागद मागते, त्यांत नोंदणीपुस्तक असते.

दोन वाटांतून एक निवडायची होती. व्हिंटेज पाटी लावून वर्षातून दोनदा मिरवणे, की साध्या नोंदणीवर गाडी कामाला लावणे? पुतण्याने दुसरी वाट घेतली, आणि त्याचे कारण ऐकून वहिनींनीही भंगाराचा विषय सोडला. रोह्याच्या तरुणांबरोबर तो विहारसेवेला जातो. चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली की साधू-साध्वींचा पायी विहार सुरू होतो. पहाटेचा अंधुक प्रकाश, पांढरी वस्त्रे, अनवाणी पावले, आणि शेजारून जाणारे ट्रक. मुंबई-गोवा महामार्गाचे पनवेल ते इंदापूर हे रुंदीकरण २०११ पासून रखडत चालले. कुठे रस्ता चार पदरी, कुठे अचानक वळण, कुठे खडीचा ढीग. विहारात साधू-साध्वींना वाहनांच्या धडकेने प्राण गमवावे लागल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. त्यांच्या मागे इशाऱ्याचा दिवा लावून हळू चालणारे एक वाहन असावे, अशी त्या तरुणांची इच्छा होती.

मुनींनी समोरची युगमात्र भूमी, म्हणजे जोखडाएवढी सुमारे चार हात जमीन, पाहत पाऊल टाकावे असे दशवैकालिक सूत्रात सांगितले आहे. हीच ईर्यासमिती. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात, कारण तो एका पावलात थांबू शकतो. वाहनचालकाचे चार हात किती? वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. चांगले ब्रेक आणि कोरडा रस्ता धरून मी हिशेब मांडला. ताशी ४० किलोमीटर वेगाने धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे २३ मीटर जातात, म्हणजे ५० हात. ताशी ८० वेगाने सुमारे ७१ मीटर, म्हणजे १५५ हात. ओल्या रस्त्यावर याहूनही जास्त. दिव्याच्या उजेडात जेवढे अंतर स्पष्ट दिसते, त्याहून थांबायचे अंतर मोठे असेल तर तो चालक डोळे मिटून चालल्यासारखाच आहे. पावसाळी रात्री भिसे खिंडीत रस्त्यावर येणारे बेडूक, खेकडे, साप यांचा विचार केला तर हा हिशेब केवळ माणसांपुरता उरत नाही.

आपल्या पूर्वाचार्यांनी श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत शकटकर्म, म्हणजे गाड्या घडवण्या-विकण्याचा धंदा, घातला आहे. आज वाहनाशिवाय आपला व्यापार चालत नाही, हे वास्तव आहे. म्हणून वाहन टाळता येत नसेल तेथे निदान अनर्थदंड तरी टाळावा. कामासाठी जे घडते ते निराळे आणि केवळ दिखाव्यासाठी ओढवून घेतलेली हिंसा निराळी. त्या अंदाजपत्रकातील पहिल्या ओळीवर होणारा खर्च शेवटच्या ओळीवर वळवणे एवढ्यानेही हा फरक आचरणात उतरतो.

काम पूर्ण झाल्यावर मिस्त्रींनी एका मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने पुन्हा पुन्हा ब्रेक लावून पाहिले. आधी गाडी किंचित डावीकडे ओढत होती. शूचे अंतर सारखे करून, पाइपांतील उरलेली हवा काढून ती सरळ उभी राहू लागली, तेव्हाच त्यांनी किल्ली पुतण्याच्या हातात दिली. त्या हिवाळ्यात नागोठण्याहून पेणकडे निघालेल्या साध्वीजींच्या मागे ती जीप पहिल्यांदा चालली, जुन्या लोखंडी चाकांवर, पिवळा दिवा लावून, पावलांच्या वेगाने. वाटेत दोनदा मागून भरधाव ट्रक आले आणि दिवा पाहून बाजूने गेले. तिची चाके कोणी पाहिली नाहीत.